चौदा आणे म्हणजे किती? चॅटबॉटला नीट विचारण्याविषयी

देवगडच्या आसपासच्या आंबा बागायतदारांना माहितीपत्रके, गिऱ्हाइकांना पाठवायची उत्तरे आणि निरनिराळे अर्ज लिहून देण्याचे काम मी करतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी हा चॅटबॉट सर्वांसाठी खुला झाला आणि पुढच्याच हंगामात मी तो वापरू लागलो. या कामात नव्याने येणारी मुले प्रॉम्प्ट, म्हणजे चॅटबॉटला लिहून द्यायची सूचना, कसा लिहावा असे विचारतात, तेव्हा मी त्यांना आधी माझी फजिती सांगतो.

एका बागायतदाराला तोडणीस आलेल्या नव्या गड्यांसाठी सूचनांचा फलक हवा होता. मी चॅटबॉटला एवढेच लिहिले की, ‘आंबा चौदा आणे झाल्यावर काढावा, अशा सूचना लिहून दे.’ त्याने मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले की, बाजारात आंब्याचा दर चौदा आण्यांवर पोहोचला की तोडणी सुरू करावी. आमच्याकडे चौदा आणे म्हणजे सुमारे ८५ टक्के पक्व झालेले फळ, हे कोकणात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. बागायतदारांनी तो कागद वाचला आणि म्हणाले, ‘हेका आधी झाडार चढव रे!’

दोष मात्र माझा होता. चॅटबॉट प्रचंड मजकुरावरून शिकलेला असतो आणि एका शब्दानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक, हे पाहत तो उत्तर रचत जातो. त्यामुळे आपण जे सांगत नाही ती जागा तो रिकामी ठेवत नाही, तर सर्वसाधारण ठिकाणी जे आढळते त्याने भरून टाकतो. देवगडची बाग त्या सर्वसाधारणात बसत नाही. म्हणून आपल्या गावचे, आपल्या धंद्याचे जे वेगळेपण आहे, तेच प्रॉम्प्टमध्ये आधी लिहावे लागते.

दुसऱ्या खेपेला मी असे लिहिले: ‘हापूसच्या बागेत पहिल्यांदाच तोडणीला आलेल्या गड्यांसाठी सूचना लिही. त्यांना मराठी वाचता येते, पण फलकासमोर ते दोन मिनिटांहून अधिक थांबणार नाहीत. चौदा आणे म्हणजे सुमारे ८५ टक्के पक्व फळ. याचा पैशाशी संबंध नाही. फळ नूतन झेल्याने देठासह काढायचे आहे, कारण देठ तुटला की चीक सालीवर ओघळून डाग पडतात. काढलेले फळ उन्हात ठेवायचे नाही. आठ वाक्यांत संपव. काही माहिती कमी पडत असेल तर मनाने भरू नकोस, लिहिण्याआधी मला विचार.’ शेवटच्या वाक्याचा उपयोग लगेच झाला. देठ किती लांब ठेवायचा, असे त्याने मला उलट विचारले, आणि ते मला स्वतःलाही बागायतदारांना विचारूनच सांगावे लागले. नूतन झेला हे दापोलीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेले तोडणीचे साधन आहे, हेही मी त्याला सांगितले, नाहीतर त्याने तो शब्द कोणत्या अर्थाने घेतला असता कोण जाणे.

भाषेच्या बाबतीत नुसते ‘चांगले लिही’ किंवा ‘साधे लिही’ म्हणून भागत नाही, असा माझा अनुभव आहे. माहितीपत्रक मागितले की पहिल्याच ओळीत ‘फळांचा राजा’ ठरलेला. अलंकारिक लिहू नकोस असे बजावले तर तो राजा तेवढा जातो आणि ‘अवीट गोडी’ येऊन बसते. बागायतदारांनी जुन्या गिऱ्हाइकांना स्वतः लिहिलेली दोन पत्रे मी नमुना म्हणून टंकून दिली आणि ‘वाक्यांची लांबी व सूर असा ठेव’ असे सांगितले, तेव्हा कुठे मजकूर त्यांच्या तोंडचा वाटू लागला. विशेषणांनी वर्णन करण्यापेक्षा नमुना दाखवणे केव्हाही बरे. मालवणी बोलीत मात्र त्याच्याकडून लिहून घेण्याचा नाद मी सोडून दिला आहे. ती नाटकातल्या नक्कलेसारखी उतरते.

वर्षे, आकडे आणि मानांकने पडताळल्याशिवाय छापायला देऊ नयेत. एका मसुद्यात हापूसचे भौगोलिक मानांकन फक्त देवगडचे असल्यासारखे लिहिले होते. प्रत्यक्षात २०१८ मध्ये कोकणातल्या हापूसला जे मानांकन मिळाले, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर असे पाच जिल्हे आहेत. उत्तराची भाषा ठाम आहे म्हणून माहितीही पक्की असेल, असे धरून चालू नये. अर्ज लिहून घेताना कोणाचा सातबारा, आधार क्रमांक किंवा खाते क्रमांक त्यात टाकू नये; त्या जागा कोऱ्या ठेवून मागाहून हाताने भराव्यात.

आता मी एक वही ठेवली आहे. साका, मोहोर, तुडतुडे, पेटी असे शब्द आणि त्यांचे आमच्याकडचे अर्थ तीत लिहिलेले असतात, आणि लागतील तेवढे मी प्रॉम्प्टच्या सुरुवातीला उतरवून घेतो. परवा त्यात ‘अढी’ची, म्हणजे आंबे पिकण्यासाठी गवतात रचून ठेवतात त्या थराची, भर पडली. परदेशातल्या एका गिऱ्हाइकासाठी ‘आंबे अढीत घातले आहेत’ या वाक्याचे इंग्रजी करून घेतले, तर बागायतदारांनी आंब्यांविषयी मनात राग धरला आहे, असा त्याचा अर्थ निघत होता.