डोक्याला मार लागलेला हॉकीपटू गावी जातो तेव्हा

२०११ साली उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकीत साडेतीन महिन्यांत तीन खेळाडू गेले. १३ मे रोजी डेरेक बूगार्ड, वय २८. दारू आणि ऑक्सिकोडोन नावाचं वेदनाशामक एकत्र पोटात गेलं आणि जीव गेला. १५ ऑगस्टला रिक रिपिएन, वय २७. अनेक वर्षांचं नैराश्य आणि अखेर आत्महत्या. ३१ ऑगस्टला वेड बेलाक, वय ३५. आपल्या गड्याला कुणी धक्का दिला की हातमोजे टाकून मारामारी करायची, हे या तिघांचं संघातलं ठरलेलं काम होतं. बूगार्डचा मेंदू नंतर तपासला, तेव्हा वारंवार मार बसल्याने होणारी झीज, म्हणजे सीटीई, आढळली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९६७ पासूनच्या सहा हजारांहून जास्त खेळाडूंच्या नोंदी पाहिल्या. मृत खेळाडूंपैकी मारामारी करणारे सरासरी ४७.५ व्या वर्षी गेले, त्यांच्याच जोडीचे पण न भांडणारे ५७.५ व्या वर्षी. दहा वर्षांचा फरक.

आपल्या मैदानी हॉकीत ती मारामारी नाही, त्यामुळे हे आकडे आपल्या पोरांना जसेच्या तसे लावू नयेत. पण एक गोष्ट नीट बघा. मृत्यूच्या वेळी तिघांपैकी एकही संघासोबत नव्हता. बूगार्ड डिसेंबर २०१० मध्ये डोक्याला मार लागल्यापासून बाहेर होता, रिपिएन हंगाम संपल्यामुळे घरी होता, बेलाक मार्चमध्ये निवृत्त झाला होता. आणि आपण काय करतो? चेंडू लागला की दोन गोळ्या देतो, "आठ दिवस गावाकडं जा, आराम कर" म्हणतो आणि एसटीत बसवतो. प्रशिक्षक, क्रीडाशिक्षक, वसतिगृहाचे रेक्टर आणि आई-वडील यांनी त्या आठ दिवसांत आणि त्यानंतरही काय करायचं, ते इथे सांगतो आहोत.

हंगामाआधीची वही

एक दोनशे पानी वही घ्या, दर खेळाडूला दोन पानं. "आधी कन्कशन झालं होतं का?" असं विचारलं तर सगळे नाही म्हणतात, कारण तो शब्दच त्यांचा नाही. कन्कशन म्हणजे मार बसून मेंदूचं काम तात्पुरतं बिघडणं. असं विचारा: "चेंडू, काठी किंवा कोपर लागून कधी डोळ्यापुढं अंधारी आली? उलटी झाली? मॅचमधलं मधलंच काही आठवंना असं झालं?" उत्तर तारखेसह लिहा. रोजची झोप किती तास, डोकेदुखीचा जुना त्रास आहे का, तेही लिहा.

मग दोन सोप्या चाचण्या. डिसेंबरपासून उलटे महिने म्हणायला लावा, लागलेले सेकंद आणि चुका लिहा. नंतर एका रेषेत टाचेला अंगठा लावून उभं करा. ज्या पायाने तो चेंडू लाथाडतो तो पुढे, दुसरा मागे, हात कमरेवर, डोळे मिटलेले, २० सेकंद. हात सुटला, डोळे उघडले, पाऊल हललं की एक चूक. हे अनवाणी आणि सपाट फरशीवर करा. मुरमाच्या मैदानावर धडधाकट पोरगंही डुलतं आणि नोंद निकामी होते.

मनासाठी दोन प्रश्न पुरेत. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही असं किती दिवस झालं? उदास, हताश वाटलं असं किती दिवस? अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. बेरीज ३ किंवा जास्त आली तर डॉक्टरांकडे पाठवा. हे निदान नाही, पुढे विचारपूस करायची खूण आहे.

शेवटी दोन फोन नंबर. एक घरचा. दुसरा गावातल्या अशा माणसाचा, ज्याच्याशी हे पोरगं मन मोकळं करतं. मामा असेल, चुलतभाऊ असेल, जुना वर्गमित्र असेल. हा दुसरा नंबर पोरानेच सांगायचा, तुम्ही ठरवायचा नाही.

मार लागला त्या दिवशी

हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि दगडासारखा टणक असतो. पेनल्टी कॉर्नरला मुखवटा घातल्याने जबडा, दात, डोळे वाचतात, पण आत मेंदूला बसणारा हिसका थांबत नाही. "मास्क होता, काही झालं नसंल" म्हणून पोराला परत उतरवणं ही नेहमीची चूक आहे. दुसरी चूक म्हणजे "बेशुद्ध कुठं पडला?" असं म्हणणं. बहुतेक कन्कशनमध्ये शुद्ध हरपतच नाही. तिसरी आपल्याकडची: एप्रिल-मेच्या उन्हात चक्कर आली की ऊन लागलं म्हणून लिंबू-पाणी पाजायचं. आधी डोक्याला काही लागलं होतं का ते विचारा.

मान दुखते, झटका आला, एकाचे दोन दिसतात, हातापायातली ताकद गेली, उलट्या होतात, डोकेदुखी वाढतच चालली, गुंगी येते किंवा पोरगं विनाकारण अंगावर येतं, यातलं एक जरी दिसलं तर १०८ ला फोन करा. मान दुखत असेल तर हलवू नका. श्वास चालू आहे ना, तेवढं बघत राहा.

यातलं काही नसेल तर विचारा: आपण कुठल्या मैदानावर आहोत? कितवा क्वार्टर चालू आहे? शेवटचा गोल कुणी केला? मागची मॅच कुणाशी होती, जिंकलो का? एक उत्तर चुकलं तरी त्याला बाहेर बसवा. सगळी बरोबर आली पण शंका आहे, तरी बाहेरच. त्या दिवशी परत उतरवायचं नाही, फायनल असली तरी नाही. लक्षणं २४ ते ४८ तासांतही उमटतात, म्हणून त्याच रात्री एकट्याला गाडीत बसवू नका. पहिली रात्र कुणीतरी मोठं माणूस जवळ हवं. आणि गावी पाठवण्याआधी डॉक्टरांना एकदा दाखवाच.

सोबत द्यायची चिठ्ठी

तोंडी सांगितलेलं घरी पोचत नाही. मोठ्या अक्षरात लिहून द्या.

पहिले ४८ तास मोबाईल, टीव्ही कमी. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर झोपवून ठेवू नका, ती जुनी समजूत आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून गावात पायी फिरणं चांगलं.
दुखलं तर डॉक्टरांनी सांगितलेलं पॅरासिटामॉलच. पहिले दोन दिवस अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नाही, डोक्यात रक्तस्राव असेल तर तो वाढू शकतो. दारू अजिबात नाही.
मोटारसायकल, ट्रॅक्टर, मळणी यंत्र नाही. विहिरीवर, झाडावर चढणं-उतरणं नाही. फवारणी नाही.

ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. सोयाबीनची काढणी चालू असताना वीस वर्षांचा धडधाकट दिसणारा गडी घरी आला तर बाप त्याला रिकामा बसू देत नाही, आणि त्यात बापाचं चुकतंय असंही नाही. बाहेरून जखमच दिसत नाही. म्हणून हात मोडल्यावर जसं प्लास्टर, तसं हे २१ दिवसांचं न दिसणारं प्लास्टर, असं वडिलांना फोनवर स्वतः सांगा.

फोन

पहिले तीन दिवस रोज. मग चौदाव्या दिवसापर्यंत एक दिवसाआड. पुढे तो परत येईपर्यंत आठवड्यातून दोनदा. एकदा प्रशिक्षकाने, एकदा खोलीतल्या जोडीदाराने. प्रत्येक फोननंतर वहीत एक ओळ आणि पुढच्या फोनची तारीख. तारीख लिहिली नाही तर फोन होत नाही.

"कधी येतोस?" हा पहिला प्रश्न नको. निवडचाचणी तोंडावर असेल तर तो "मी बरा हाय सर" असंच म्हणणार. त्याच्या डोक्यात जागा जाईल, प्रमाणपत्र हुकेल, खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातली नोकरी हातची जाईल, हेच चालू असतं. म्हणून पहिल्याच फोनला सांगा: "तुझी जागा ठेवलीय. तू डॉक्टरांचा कागद घेऊन आलास की मगच बोलू." आणि जागा खरंच ठेवा. एकदा हा शब्द मोडला की त्या संघात पुढचं कुणी लेकरू लागलेलं सांगत नाही.

मग झोप, जेवण, चिडचिड. "नैराश्य आलंय" असं आपल्याकडचं पोरगं म्हणत नाही. ते म्हणतं: करमंना, मन लागंना, डोकं जड झालंय, छातीत धडधडतंय, कुणाशी बोलू वाटंना. वहीत त्याचेच शब्द लिहा, पुढे डॉक्टरांना तेच उपयोगी पडतात. पहिल्या आठवड्यात थोडी चिडचिड आणि झोपेची गडबड मारामुळेच असू शकते. दोन आठवड्यांनंतरही तेच चालू असेल, किंवा फोन उचलणं बंद झालं, काठी-बूट कुणाला देऊन टाकले, दारू वाढली, तर थांबू नका, वहीतल्या दुसऱ्या नंबरवर फोन लावा.

आणि सरळ विचारा: "मरून जावं असं मनात यायलंय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून ओझं हलकं होतं. उत्तर हो आलं, किंवा नुसती शांतता आली, तर फोन चालू ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून घरच्यांना त्याच्याजवळ पाठवा. त्याला एकटं सोडायचं नाही. घरातलं फवारणीचं औषध कुलपात किंवा शेजारच्यांकडे, किल्ली त्याला माहीत नको. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. त्याच दिवशी दवाखाना: छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालय, नाहीतर लातूर, अंबाजोगाई, नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, किंवा आपल्या जिल्ह्याचं सिव्हिल. "पोलीस केस होईल" या भीतीने घरचे थांबतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ त्यांना समजावून सांगा. जीव द्यायचा प्रयत्न झालेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच कायदा धरतो आणि सरकारवर उपचाराची जबाबदारी टाकतो.

सीटीई हा शब्द मात्र पोरापुढे काढू नका. जिवंतपणी त्याचं निश्चित निदान होत नाही. एक-दोनदा मार लागलेल्या मुलाला "तुझा मेंदू झिजला" म्हणणं खोटं आहे आणि घातकही.

गोळ्या

परत येताना खिशात काय आहे ते बघा. कुणाच्या तरी ओळखीने मिळालेलं ट्रॅमाडॉल सापडू शकतं. ही अफूवर्गातली वेदनाशामक आहे, सवय लागते, दारूसोबत श्वास मंदावतो, आणि दुखणं दबल्याने पोरगं बरं नसताना खेळतं. भारतात २०१८ पासून ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात डोपिंगमध्येही धरली जाते. सापडली तर रागावू नका. किती दिवसांपासून आणि किती, ते विचारा. रोज घेत असेल तर एकदम बंद करायला लावू नका, डॉक्टरकडे न्या.

परत मैदानात

पायऱ्या सहा, प्रत्येकीला किमान २४ तास. एक, रोजची साधी कामं. दोन, चालणं मग सायकल: सतरा वर्षांच्या मुलाची नाडी आधी १५ सेकंदांत २८ पर्यंत, नंतर ३५ पर्यंत. तीन, एकट्याने धावणं, ड्रिब्लिंग. चार, संघासोबत पासिंग, पण अंगाला अंग नाही, पेनल्टी कॉर्नरचा बचाव नाही. पाच, डॉक्टरांच्या लेखी परवानगीनंतर पूर्ण सराव. सहा, सामना. डोकेदुखी दहापैकी दोन गुणांहून जास्त वाढली किंवा तासाभरात उतरली नाही, तर त्या दिवशी थांबा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. चौथ्या पायरीला जाण्याआधी लक्षणं पूर्ण गेलेली हवीत, जोर केल्यावरही. वहीतले उलटे महिने आणि रेषेवरचं उभं राहणं पुन्हा घ्या, आकडे जुन्याशी जुळले पाहिजेत. हौशी खेळांसाठी ब्रिटनच्या २०२३ च्या नियमावलीत २१ दिवसांआधी सामना नाही. जिथे संघाला स्वतःचा डॉक्टर नसतो तिथे हेच धरावं.

काही जण परत येत नाहीत. मार दुसऱ्या-तिसऱ्यांदा लागलेला असतो, वय उलटतं, घरची शेती ओढून घेते. त्यांचं पान फाडू नका. खेळ सुटल्यावर पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात फोन करा. तालुका स्पर्धेला पंच म्हणून, गुणलेखक म्हणून बोलवा आणि प्रवासखर्च द्या. पोलीस भरतीची तयारी करत असेल तर डोक्याच्या माराची नोंद आणि डॉक्टरांचा कागद त्याच्या हातात ठेवा, वहीत फक्त झेरॉक्स.