उरलेल्या प्लायवूडमधून घरच्या घरी छोटी एअरबोट

घराचे फर्निचर करून झाले की सुतार निघून जातो आणि गच्चीवर किंवा जिन्याखाली त्याच्या कामाचे अवशेष उरतात: कपाटाच्या पाठीला लावलेल्या चार मिलिमीटर प्लायचे तुकडे, ड्रॉवरच्या तळातून वाचलेले चौकोन, सागाच्या पट्ट्या, फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल. नागपुरात यात आणखी एका वस्तूची भर पडते. दर दोन-चार वर्षांनी गंजून मोडीत निघणाऱ्या कूलरची जाळी बहुतेक घरांत मिळते. एवढ्या सामानातून पाऊण मीटर लांबीची, रेडिओ रिमोटवर चालणारी एअरबोट तयार होते. विकत घ्यावी लागते ती फक्त विजेची सामग्री, आणि कॉलेजच्या एखाद्या जुन्या ड्रोन प्रकल्पाचे सुटे भाग मिळाले तर तीही बरीचशी वाचते.

एअरबोटीचा पंखा पाण्याच्या वर, हवेत फिरतो. तळ सपाट असतो आणि त्याखाली पंखा, दांडा, सुकाणू असे काहीही नसते. त्यामुळे वीतभर पाण्यातही ती चालते आणि तिच्या पंख्यात शेवाळ गुंतत नाही. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या चमूने १९०५ मध्ये कॅनडातील नोव्हा स्कोशिया येथे अशी पहिली होडी बांधली, तीही विमानाची इंजिने आणि पंखे तपासून पाहण्यासाठी. नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या पाण्यावर जलपर्णी पसरलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना या रचनेचा उपयोग वेगळा सांगावा लागणार नाही. मात्र आपली छोटी होडी विरळ शेवाळावरून जाईल, दाट जलपर्णीवरून जाणार नाही.

अनेक जण मोठी मोटर शोधण्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात वजनापासून करावी, कारण होडीचे एकूण वजन किती आणि ते लांबीच्या कोणत्या भागात आहे, या दोन गोष्टींवरच तिचे चालणे ठरते.

सामानाची निवड

उरलेले सामान फुकट असते, म्हणून ते सगळे वापरण्याचा मोह होतो. नागपूरकरांना हा मोह सागाचा होतो, कारण लकडगंजातल्या आरामशिनींवर आणि लाकडाच्या दुकानांत सागाचे सुंदर, सरळ तुकडे सहज मिळतात. साग पाण्यात टिकतो हे खरे, पण त्याच्या एक घनसेंमीचे वजन सुमारे ०.६५ ग्रॅम असते आणि पातळ, रुंद फळी म्हणून तो वापरता येत नाही. एक सेंमी जाडीच्या सागाचा तळ केला तर होडी पाण्यावर तरंगेल, पण सरपटल्यासारखी चालेल. त्यामुळे सांगाडा संपूर्ण चार मिमी प्लायचा करावा आणि साग फक्त मागच्या पंख्याच्या चौकटीसाठी राखून ठेवावा, कारण तिथे स्क्रू घट्ट धरून ठेवणारे लाकूड हवे असते. एकोणीस मिमीचा ब्लॉकबोर्ड कितीही शिल्लक असला तरी बाजूला ठेवावा.

प्लायची प्रत पाहणेही आवश्यक आहे. ज्यावर आयएस (भारतीय मानक) ७१० असा शिक्का असतो तो पाण्याला टिकणारा मरीन प्लाय. आयएस ३०३ हा सर्वसाधारण कामाचा. पण कापलेल्या तुकड्यावर शिक्का क्वचितच सापडतो. अशा वेळी बोटभर तुकडा तासभर पाण्यात उकळून पाहावा. थर सुटले तर तो तुकडा तळासाठी घेऊ नये. फार तर वरच्या झाकणासाठी, दोन्ही बाजूंनी रंग देऊन वापरावा.

मापे आणि सांगाडा

लांबी ७५ सेंमी, रुंदी ३२ सेंमी आणि उंची ७ सेंमी ही मापे मी सुचवतो. यातला पुढचा २० सेंमी भाग वर वळलेला, म्हणजे सपाट तळ ५५ सेंमी लांबीचा राहतो. त्याचे क्षेत्रफळ १७६० चौरस सेंमी, म्हणून होडी एक सेंमी बुडाली की सुमारे पावणेदोन लिटर पाणी बाजूला सारले जाते आणि ती पावणेदोन किलो वजन पेलते. सगळे सामान धरून आपली होडी साधारण २.३ किलो भरते. म्हणजे ती जेमतेम सव्वा सेंमी बुडेल. हा हिशेब कागदावर आधी मांडावा आणि प्रत्येक भाग कापल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून त्याचे वजन लिहून ठेवावे.

दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकावर एक ठेवून, खिळ्यांनी तात्पुरत्या जोडून एकदमच कापाव्यात, म्हणजे त्यांत फरक राहत नाही. खालची कड शेवटच्या २० सेंमीत हळूहळू पाच सेंमी वर चढवावी. मागची आडवी फळी, त्यापुढे २०, ४० आणि ५५ सेंमीवर तीन आडवे पडदे, म्हणजे आतून आडव्या उभ्या केलेल्या फळ्या, आणि टोकाला दोन सेंमीची पट्टी, असा सांगाडा उभा राहतो. पुढच्या दोन पडद्यांना मध्ये मोठी भोके पाडून वजन कमी करावे. प्रत्येक कोन गुण्याने तपासावा, कारण सांगाड्यात पीळ राहिला तर होडी सरळ रेषेत कधीच जात नाही आणि तो पीळ पुढे कशानेही निघत नाही.

आतल्या खालच्या कडांना एक सेंमी जाडीची रीप चिकटवावी, म्हणजे तळाला चिकटण्यासाठी पुरेशी जागा मिळते. वळणाच्या भागात रिपेला दर सेंमीवर अर्ध्या जाडीपर्यंत करवतीचे काप द्यावेत. मग ती न मोडता वळते. तळाचा प्लाय कापताना वरच्या थराचे रेषे होडीच्या रुंदीच्या दिशेने येतील असे पाहावे. उलट दिशेने कापलेला प्लाय वळणावर तडकतो. तरीही तो हट्ट करत असेल तर गरम पाण्यात भिजवलेले फडके पुढच्या भागावर अर्धा तास ठेवावे, दोरीने बांधून वळण द्यावे आणि पूर्ण वाळल्यावरच चिकटवावे.

चिकटवण्यासाठी दोन नळ्यांचा एपॉक्सी वापरावा. नेहमीचा पांढरा सुतारी डिंक ओलाव्यात सुटतो, म्हणून तो इथे नको. एपॉक्सीचे दोन्ही भाग नळीवर दिलेल्या प्रमाणात नीट मिसळावेत, आणि सांध्यांतल्या फटींसाठी त्यात चाळलेला लाकडाचा भुसा घालून लगदा करावा. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, हे मिश्रण सावलीतही फार लवकर घट्ट होते. त्यामुळे चिकटवण्याचे काम पहाटे किंवा रात्री, थोडे थोडे मिश्रण करूनच करावे.

तळ बसल्यावर आतून संपूर्ण रंग द्यावा. बाहेरून कोणीही रंगवतो, परंतु होडी कुजते ती आतून. पाणी सांध्यातून थेंबाथेंबाने शिरते आणि बंद पोकळीत दिवसेंदिवस साचून राहते. वुड प्रायमरचा एक हात, पॉलिशपेपर आणि इनॅमलचे दोन हात पुरेसे आहेत; प्लायच्या उघड्या कडांना मात्र आधी पातळ एपॉक्सी पाजावा. रंग खडखडीत वाळल्यावरच पोकळीत थर्माकोलचे तुकडे भरावेत, कारण ओल्या रंगातला थिनर थर्माकोल विरघळवतो. त्यानंतर वरचे झाकण चिकटवावे. मधल्या पडद्यांदरम्यान हात जाईल एवढी खिडकी ठेवून तिच्यात रबरी कडेचा हवाबंद डबा बसवला की विजेची सामग्री कोरडी राहते. हे सारे पावसाळ्यापूर्वी उरकावे. जूनच्या दमट हवेत लाकूड फुगते आणि रंग नीट वाळत नाही.

पंख्याची चौकट

इथे साग वापरायचा. बारा मिमी जाडीच्या पट्ट्यांच्या ३२ सेंमी बाजूच्या दोन चौकटी करून त्या बारा सेंमी अंतरावर चार आडव्या पट्ट्यांनी जोडाव्यात. मागच्या भागावर बसणारा एक उघडा पेटारा तयार होतो. पुढच्या चौकटीच्या मध्यावर दोन सेंमी रुंदीचा उभा खांब आणि त्यावर मागे तोंड करून मोटर. पंखा दहा इंची, म्हणजे २५.४ सेंमी व्यासाचा असल्याने चारही बाजूंना सुमारे दोन सेंमी मोकळे राहतात. पंखा फिरताना सगळा जोर पुढे लोटतो, म्हणून खांबाला पुढून दोन तिरके टेकू द्यावेत. कूलरची जाळी पुढून, दोन्ही बाजूंनी आणि वरून लावावी आणि मागे उभ्या तारा ओढाव्यात. या जाळीने थोडी हवा अडते. तरीही ती काढू नये. हा पंखा बोटाचे हाड सहज तोडू शकतो.

सुकाणू दोन, प्रत्येक २४ सेंमी उंच आणि ८ सेंमी रुंद, मागच्या चौकटीवर पंख्याच्या झोतात उभे. त्यांना प्लायपेक्षा फलकवाल्यांकडचा उरलेला पाच मिमी सनबोर्ड बरा, कारण हे वजन अगदी टोकाला येते. दोघांना सायकलच्या आऱ्याने जोडून एका छोट्या सर्व्होने, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यानुसार हव्या त्या कोनात फिरणाऱ्या मोटरने, फिरवावे.

विजेची सामग्री

२२१२ मापाची, १००० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला सुमारे हजार फेरे घेणारी) ब्रशलेस मोटर, तिचा वेग कमी-जास्त करणारा ३० अँपिअरचा स्पीड कंट्रोलर आणि ११.१ व्होल्टची, २२०० एमएएचची लिथियम पॉलिमर बॅटरी हा संच सहज मिळतो आणि तो सुमारे ८०० ग्रॅमचा रेटा देतो. पूर्ण वेगात सात-आठ मिनिटे चालते, हलक्या हाताने चालवल्यास बरीच अधिक. पंख्यावरची अक्षरे होडी जाणार त्या दिशेला, म्हणजे पुढे यायला हवीत. मोटर उलटी फिरत असेल तर तिच्या तीन वायरींपैकी कोणत्याही दोन अदलाबदल कराव्यात. रिमोट आधी चालू करावा, बॅटरी शेवटी जोडावी, आणि बंद करताना उलट क्रम पाळावा. रिमोटचा संपर्क तुटल्यास मोटर थांबते ना, हे पंखा काढून ठेवून घरीच तपासावे.

तोल

आता सर्वांत महत्त्वाचे काम. मोटर होडीच्या तळापासून सुमारे २३ सेंमी उंच आहे, तर पाण्याचा विरोध अगदी खाली तळाशी होतो. वरून ढकलायचे आणि खालून अडवायचे, असे झाले की नाक खाली दबते. ८०० ग्रॅमचा रेटा २२ सेंमी उंचीवरून लागला तर २.३ किलोच्या होडीचा गुरुत्वमध्य जणू साडेसात सेंमी पुढे सरकतो. माझ्या पहिल्या होडीत मी हा हिशेब केला नव्हता. मागे मोटर आहे म्हणून बॅटरी अगदी पुढे ठेवली. होडी उभी असताना तोल सुरेख दिसत होता. वेग दिल्याबरोबर तिने नाक पाण्यात खुपसले आणि उलटली.

म्हणून होडी स्थिर असताना गुरुत्वमध्य मागच्या कडेपासून २६ ते २८ सेंमीवर असावा. दोन्ही बाजूंना त्या जागी पेन्सिलने खूण करावी, सगळी सामग्री बसवून होडी दोन बोटांवर उचलावी आणि ती समतल राहीपर्यंत बॅटरी मागे-पुढे करावी. त्यासाठीच बॅटरी वेल्क्रोच्या पट्टीवर बसवावी, म्हणजे ती सहज सरकवता येते. ती पार मागे नेऊनही नाक जड राहिले तर शिसे घालण्याआधी पुढच्या झाकणाचा प्लाय कमी करता येतो का ते पाहावे. आडवा तोलही तपासावा, कारण पंखा एका दिशेला फिरताना होडीला उलट बाजूला किंचित कलवतो; बॅटरी अर्धा-एक सेंमी सरकवल्यास तो कल निघतो.

पाण्यात

पहिली चाचणी घराजवळच्या हौदात, फक्त गळती पाहण्यासाठी. अर्धा तास तरंगत ठेवून आत कोरडा कागद भिजतो का ते पाहावे. फुटाळा तलावावर संध्याकाळी गर्दी असते, तिथे पंखा फिरवू नये. ओळखीच्या शेतातले तळे, मालकाची परवानगी घेऊन आणि पहाटे वारा पडलेला असताना, सर्वांत चांगले. प्लास्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्याचा उतार मात्र विलक्षण निसरडा असतो. होडी अडकली म्हणून त्यात कधीही उतरू नये. सुरुवातीला मागच्या फळीच्या कडेला पातळ नायलॉनची दोरी बांधून, ती पंख्यापासून दूर राहील अशी सोडावी. वारा ज्या काठाकडे वाहतो त्या काठावर उभे राहावे, म्हणजे बंद पडलेली होडी आपोआप आपल्याकडे येते. पाणपक्षी बसले असतील तर दुसरी जागा शोधावी.

चालवताना एक सवय मोडावी लागते. या होडीला ब्रेक नाही, मागे जाणे नाही, आणि मोटर बंद केली की सुकाणूही निकामी होते, कारण ते हवेच्या झोतावरच काम करते. काठ जवळ आला की घाबरून वेग तोडला तर होडी सरळ जाऊन आदळते. उलट थोडा वेग ठेवून वळवली तर ती वळते. वळण दहा मीटर आधीपासून सुरू करावे.

घरी आल्यावर डबा उघडा ठेवून होडी सावलीत वाळवावी, पंख्याचा नट पुन्हा घट्ट करावा आणि बॅटरी प्रत्येक सेलला (या बॅटरीत तीन सेल असतात) ३.८ व्होल्ट एवढी ठेवून, लोखंडी डब्यात, उन्हापासून दूर ठेवावी. नागपूरच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेली बॅटरी फुगते, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये.