समावेशित शिक्षणावर लघुप्रबंध लिहिताना या चुका टाळा

एम.एड.च्या लघुप्रबंधासाठी समावेशित शिक्षण (दिव्यांग आणि इतर सर्व मुलांनी एकाच वर्गात शिकणे) हा विषय घेतला की काम सोपे जाते, असा एक समज असतो. शासन निर्णय हाताशी असतात, शाळा ओळखीच्या असतात आणि शिक्षक प्रश्नावली भरून द्यायला तयार असतात. प्रत्यक्षात तोंडी परीक्षेत असे प्रबंध बहुधा एकाच प्रश्नावर अडकतात : तुम्ही नेमक्या कोणत्या मुलांचा अभ्यास केला? वर्गात मागे पडणे हे केवळ वरून दिसणारे लक्षण आहे. त्यामागची कारणे वेगवेगळी असतात आणि प्रत्येक कारणासाठी संशोधनाची रीतही वेगळी लागते. पुढे दिलेल्या बहुतेक चुका हा फरक पुसला गेल्यामुळे होतात.

निदान नसताना दिलेले नाव

शीर्षकात ‘अध्ययन अक्षम विद्यार्थी’ (बुद्धी सर्वसाधारण असूनही वाचन, लेखन किंवा गणितात सतत अडणारे) असे लिहायचे आणि न्यादर्श, म्हणजे अभ्यासासाठी घ्यायची मुले, निवडताना मात्र वर्गशिक्षकांकडून ‘वाचता न येणाऱ्या’ मुलांची यादी मागवायची, ही यातली सर्वांत मोठी चूक आहे. अशा यादीत चष्म्याची गरज असूनही तो न मिळालेले मूल असते, एका कानाने कमी ऐकू येणारे असते, वर्षातले काही महिने शाळेतच न आलेले असते, घरी वेगळी भाषा बोलणारे असते आणि कदाचित खरोखर वाचन अक्षमता असलेलेही एखादे असते. या सर्वांची सरासरी काढून जो निष्कर्ष हाती येतो, तो त्यांच्यापैकी कोणालाच लागू पडत नाही.

अपंग व्यक्तींसाठीच्या 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये ते 21 झाले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमतेला त्यात प्रथमच स्थान मिळाले. शाळांमध्ये सर्रास वापरला जाणारा ‘गतिमंद’ हा शब्द मात्र त्या 21 प्रकारांत नाही. तरीही अनेक प्रबंधांत तो बौद्धिक अक्षमतेच्या किंवा अध्ययन अक्षमतेच्या जागी बिनदिक्कत येतो. अध्ययन अक्षमतेचे निदान करण्यापूर्वी दृष्टी, श्रवण आणि बौद्धिक पातळी तपासावी लागते, शिवाय वाचन-लेखनाच्या प्रमाणित चाचण्या घ्याव्या लागतात. हे काम वर्गशिक्षकाचे नाही आणि एम.एड.च्या विद्यार्थ्याचेही नाही.

माहिती गोळा करून झाली असेल आणि मुलांकडे दिव्यांगत्वाची प्रमाणपत्रे नसतील, तर प्रबंध वाया गेला असे मानू नये. शीर्षक आणि कार्यात्मक व्याख्या (संज्ञेचा या अभ्यासापुरता, तपासता येणारा अर्थ) बदलावी : ‘इयत्ता चौथीतील, दुसरीच्या स्तराचा मजकूर सलग वाचू न शकणारे विद्यार्थी’. त्यानंतर अक्षमतेविषयीची सर्व विधाने निष्कर्षांतून काढून टाकावीत. व्याप्ती लहान केल्याबद्दल परीक्षक फारसे बोलत नाहीत. पुराव्याबाहेरचा दावा मात्र ते लगेच पकडतात.

कायद्यांच्या प्रकरणात आणखी एक गफलत ठरलेली असते. शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयोगटासाठी आहे, तर 2016 च्या अधिनियमातील कलम 31 नुसार लक्षणीय, म्हणजे किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलांना 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. 40 टक्क्यांची ही अट कलम 16 मध्ये नाही. शासनमान्य आणि अनुदानित शाळांनी समावेशित शिक्षण द्यावे, असे सांगणारे ते कलम सर्वच दिव्यांग मुलांना लागू होते. ‘प्रमाणपत्र चाळीसच्या आत आहे, म्हणून शाळेवर जबाबदारी नाही’ हे मुख्याध्यापकांचे मत मुलाखतीत आले, तर ते मत म्हणूनच नोंदवावे. कायद्याची तरतूद म्हणून प्रबंधात उतरवू नये.

भाषेला अक्षमता समजणे

मेळघाटातील कोरकू बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा मराठी त्याच्यासाठी दुसरी भाषा असते, आणि कोरकू मुंडा भाषाकुळातील असल्यामुळे ती जवळची भाषाही नसते. नंदुरबारमधील भिली, पावरी किंवा गडचिरोलीतील गोंडी, माडिया बोलणाऱ्या मुलांपुढेही अडचण तीच असते. अशा मुलाला मराठी उतारा वाचायला देऊन कमी गुण मिळाले, तर त्यातून त्याचे मराठी किती झाले आहे एवढेच कळते. तीच गोष्ट त्याच्या घरच्या भाषेत तोंडी सांगून, गावातल्या जाणत्या व्यक्तीच्या मदतीने प्रश्न विचारावेत. त्या भाषेत तो घटना क्रमाने सांगत असेल आणि कारणही सांगत असेल, तर त्याच्या आकलनात दोष आहे असे म्हणायला काहीच आधार उरत नाही.

ऊसतोड कामगारांच्या मुलांबाबत चूक वेगळी होते. ती वेळापत्रकाची असते. बीडसारख्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबे कारखान्यांकडे जातात, आणि संशोधकाला परवानगी व साधने तयार करण्यात जानेवारी उजाडतो. तेव्हा वर्गात जी मुले असतात, त्यांच्यावरून काढलेले निष्कर्ष स्थलांतरित मुलांना लावता येत नाहीत. जून ते सप्टेंबर या काळात पहिली फेरी करावी आणि हजेरीपत्रकावरून अनुपस्थितीचे दिवस प्रत्येक मुलाच्या गुणांशेजारी नोंदवावेत. अनेकदा तो एकच रकाना मनाने मांडलेल्या सर्व कारणांपेक्षा जास्त सांगतो.

इंग्रजी चाचणीचे मराठी रूप

इंग्रजी वाचनचाचणीचे भाषांतर करून ती मराठी मुलांना देणे हा आळसाचा मार्ग आहे, आणि त्यातून मिळणारे गुण निरर्थक ठरतात. इंग्रजीत एकाच अक्षराचे उच्चार बदलतात, त्यामुळे तिथली चाचणी त्या अनियमिततेवर बेतलेली असते. मराठीत मुलाची खरी अडचण जोडाक्षरांत आणि स्वरचिन्हांत दिसते. नुसता ‘र’ घेतला तरी तो ‘सूर्य’मध्ये वर जातो, ‘प्रकाश’मध्ये तिरकी रेघ होतो, ‘राष्ट्र’मध्ये खाली बसतो आणि ‘कुऱ्हाड’मध्ये चौथेच रूप घेतो. मराठी चाचणीत अशा शब्दांची चढती मांडणी हवी. याउलट ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मोजून लेखन अक्षमता ठरवणे धोक्याचे आहे. त्या निकषावर अर्धा शिक्षकवृंदही न्यादर्शात घ्यावा लागेल. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेली ‘डाली’ ही चाचणी भारतीय भाषांसाठी असून मराठीतही आहे. स्वतःचे साधन बनवण्याआधी तिची रचना अभ्यासावी.

प्रश्नावली आणि आकडेमोड

‘दिव्यांग मुलांना सर्वसाधारण शाळेत प्रवेश द्यावा आणि त्यांच्यासाठी विशेष शिक्षक नेमावा’ या विधानाला ‘पूर्णतः सहमत’ अशी खूण करणारा शिक्षक नेमका कशाशी सहमत आहे, हे कळायला मार्ग नाही. एका विधानात एकच मुद्दा ठेवावा. शिवाय मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून भरलेल्या प्रश्नावलीत सगळ्यांचाच दृष्टिकोन अनुकूल निघतो, म्हणून काही वर्गांचे प्रत्यक्ष निरीक्षण जोडावे.

एकल गटावर पूर्वचाचणी, उपचारात्मक अध्यापन आणि उत्तरचाचणी हा आराखडा लोकप्रिय आहे, कारण त्यात उपक्रम हमखास यशस्वी ठरतो. सर्वांत कमी गुणांची मुले निवडली की त्यांतल्या काहींचे त्या दिवसाचे गुण आजारपणामुळे किंवा भीतीमुळे नेहमीपेक्षा खाली गेलेले असतात. काहीही न शिकवता पुन्हा चाचणी घेतली तरी ते वर येतात. त्यात दोन-तीन महिन्यांचे नेहमीचे अध्यापनही मिसळलेले असते. तुलनेसाठी दुसरी तुकडी मिळत नसेल, तर उपक्रमाआधी दोनदा चाचणी घेऊन आपोआप होणारी वाढ किती, हे पाहून घ्यावे. दोन सरासरींतला फरक योगायोगाचा आहे का, हे पाहण्यासाठी काढल्या जाणाऱ्या टी मूल्याबाबतही सावध असावे : 30 मुलांच्या एका गटाच्या पूर्व व उत्तर चाचण्यांची तुलना करताना 0.05 स्तरावर फरक सार्थ, म्हणजे केवळ योगायोगाचा नाही, असे म्हणायला किमान 2.045 हे मूल्य लागते. 1.98 आले असेल, तर ‘जवळजवळ सार्थ’ अशी शब्दयोजना करू नये.

शिक्षणाच्या अधिष्ठानांचे प्रकरण

शिक्षणामागचे तात्त्विक आणि सामाजिक विचार मांडणारे हे प्रकरण गाइडमधून उतरवलेले असले की लगेच ओळखू येते : रूसो, ड्युई, माँटेसोरी या पाश्चात्त्य विचारवंतांना प्रत्येकी एक पान, आणि पुढच्या विश्लेषणात त्यांच्यापैकी एकही पुन्हा दिसत नाही. त्याऐवजी विषयाला भिडणारे विचार घ्यावेत. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे (ब्रिटिश सरकारने नेमलेला शिक्षण आयोग) निवेदन देताना जोतीराव फुले यांनी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे दुर्लक्ष होत असल्याचे मांडले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुले गुरे चारायला जातात तिथेच शाळा नेली, म्हणजे मुलाने शाळेसाठी बदलावे हा आग्रहच सोडला. स्थलांतरित किंवा आदिवासी मुलांवरील प्रबंधाला हा आधार थेट लागू पडतो.

पात्रता आणि गोपनीयता

सर्वसाधारण एम.एड. झाल्यावर विशेष शिक्षक म्हणून नोंदणी मिळेल, असे काहीजण गृहीत धरतात. त्या नोंदणीसाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा लागतो. सर्वसाधारण बी.एड., एम.एड. अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या एनसीटीईची (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद) मान्यता तिथे उपयोगी पडत नाही. प्रवेश घेण्याआधीच हे तपासावे.

परिशिष्टात मुलांची छायाचित्रे, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रांच्या प्रती आणि शाळेचे पूर्ण नाव जोडण्याची पद्धत बंद करावी. छोट्या गावात शाळा, इयत्ता आणि दिव्यांगत्वाचा प्रकार एवढे लिहिले तरी मूल कोणते, ते गावाला कळते. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक द्यावेत, गावाऐवजी तालुका लिहावा आणि पालकांची संमती त्यांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवून घ्यावी. प्रती आधीच बांधून झाल्या असतील, तरी ग्रंथालयात जाणाऱ्या प्रतीतून ती पाने काढून घेण्याची विनंती मार्गदर्शकांमार्फत करता येते.