उरलेल्या मसालेभाताचे कुरकुरीत गोळे, कढईत न फुटता

गौरी जेवल्या त्या रात्री मसालेभात उरला नाही असं आमच्या घरी एकदाच झालं, आणि त्या वर्षी 'आणखी दोन माणसं आली असती तर?' हे सासूबाईंकडून मला दिवाळीपर्यंत ऐकावं लागलं. तेव्हा भात उरणार हे धरूनच चालायचं. पंगतीत सगळे आधी पुरणपोळीवर तुटून पडतात, भात येईतो पोटात जागा नसते. दुसऱ्या दिवशी तो गरम करून पानात वाढला तर मुलं तोंड वाकडं करतात. आणि त्याच संध्याकाळी गौरी-विसर्जन, आरती, दर्शनाला येणारे शेजारीपाजारी. त्यांच्या हातात ठेवायला मी गेली नऊ-दहा वर्षं हे गोळे करते.

मूळ कल्पना इटलीची. सिसिलीत भाताचे गोळे पावाच्या चुऱ्यात घोळवून तळतात. त्यांना आरान्चिनी म्हणतात, म्हणजे छोटी संत्री. रंग आणि आकार दोन्ही तसेच. रोममध्ये त्यांचा लांबट भाऊ आहे, सुप्पली. तो मधोमध मोडला की आतल्या मोझरेला चीजची तार जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी लांबते, म्हणून त्याला 'टेलिफोनवाला सुप्पली' असंच नाव पडलंय. तिकडचा भात मुळात चिकट असतो. आपण मात्र मसालेभाताचं शीत न् शीत सुटं व्हावं म्हणून जिवाचं रान केलेलं असतं. सगळी मेख इथेच आहे, आणि 'उरलेला भात घ्या, कॉर्नफ्लॉवर घाला, गोळे वळा, तळा' असं सांगणाऱ्या व्हिडिओत नेमकं हेच नसतं.

आधी रात्रीचं काम. उरलेला भात म्हणजे पातेल्यातला, पानातला नव्हे. हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. जेवणं आटोपली की भात परातीत पसरा, वाफ जाऊ द्या आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ढकला. 'सकाळी बघू' चालणार नाही. भातात बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू असतो. त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार करतात ते नंतर कितीही तळलं तरी जात नाही. भाद्रपदातल्या दमट हवेत रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सरळ टाकायचा, हळहळ न करता. ओलं खोबरं मात्र वाढताना पानातच भुरभुरा, पातेल्यात नको. खोबरं मिसळलेला भात लवकर आंबतो.

फ्रिजमध्ये जागा नाही म्हणाल, तर मोदकांचे डबे बाहेर काढा. ते कुणीतरी खाऊन टाकेल.

साहित्य थोडंच आहे. तीन वाट्या मसालेभात, त्याच स्वयंपाकातल्या पिवळ्या बटाट्याच्या भाजीची अर्धी वाटी, दोन मोठे चमचे बेसन, मोझरेलाचे सेंटीमीटरभर तुकडे सोळा, पाच-सहा चमचे मैदा, वाळलेल्या पावाचा चुरा आणि तळायला तेल. एवढ्यात मोठ्या लिंबाएवढे सोळा गोळे होतात. चीज रात्रीच कापून फ्रीझरमध्ये टाका. पाव आदल्या दिवशीचा घ्या, तव्यावर मंद वाळवा आणि मिक्सरमधून भरडच काढा. बेकरीतला टोस्ट कुटून वापरू नका. त्यात साखर असते आणि गोळा आत गरम व्हायच्या आधीच बाहेरून काळा होतो.

सोबतीला कटाची आमटी. ती दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते हे कुणालाही सांगायला नको. दोन वाट्या आमटी पसरट कढईत अर्धी वाटी उरेपर्यंत आटवा, चिंचेचा कोळ आणि गूळ वाढवा, की झालं बोटाला चिकटणारं डिप. मीठ अजिबात घालू नका. आटताना तेच आमटीतलं मीठ दाटतं.

आता जिथे माझी पहिली दोन वर्षं गेली ती पायरी.

पहिल्या वर्षी मी सगळ्यांचं ऐकून भात थेट फ्रिजमधून काढला. 'थंड भात छान वळतो' असं जो तो सांगतो. वळला नाही. मुठीत दाबला की आकार धरायचा, मूठ उघडली की चिरा पडायच्या. मग मी कॉर्नफ्लॉवर घालत गेले, चार चमचे, सहा चमचे. शेवटी गोळे झाले एकदाचे. बाहेर आरती सुरू झालेली, 'घालीन लोटांगण'पर्यंत पहिली वाढणी काढायची म्हणून मी घाईनं सहा गोळे कढईत सोडले. दोन मिनिटांत त्यातले चार फुटले. चीज तेलात उतरलं, तेल चरचरत उडालं, भात तळाशी बसून करपला. जे दोन वाचले ते खाऊन यजमान म्हणाले, 'खडूचं सारण घातलंयस का?' कॉर्नफ्लॉवर आत कच्चा राहिला होता. त्या संध्याकाळी लोकांना खिरापत आणि वेफर्स मिळाले.

दुसऱ्या वर्षी पीठ कमी आणि पाणी जास्त. गोळे सुंदर वळले आणि जास्त जोरात फुटले.

कारण कळायला वेळ लागला, पण कळल्यावर साधं वाटलं. शिजलेल्या भातातला स्टार्च थंड झाला की पुन्हा आवळतो, म्हणून फ्रिजमधलं शीत टणक आणि कोरडं लागतं. टणक शितं एकमेकांना धरत नाहीत, त्यांना कितीही पीठ चोपडलं तरी. तोच भात वाफ येईतो गरम केला की स्टार्च परत सैल होतो. त्या अवस्थेत मळला की चिकटतो, आणि मळून झाल्यावर पुन्हा थंड केला की आहे त्या आकारात आवळून बसतो. म्हणजे थंडी लागते ती गोळा वळल्यावर. वळण्याआधी ऊबच हवी. क्रम उलटा केलात की संपलं.

करायचं असं. भात पातेल्यात घ्या, दोन-तीन चमचे पाण्याचा हबका मारा, झाकण ठेवून चांगली वाफ आणा. मग झाकण काढा आणि दोन मिनिटं उघड्यावर परता. ही दोन मिनिटं गाळू नका, कारण भातात अडकलेलं पाणीच पुढे तेलात वाफ होऊन गोळा फोडतं. भात ताटात काढा. तमालपत्र, दालचिनी, लवंगा वेचून टाका. आता तोंडलीकडे बघा. मसालेभातात ती लांब चिरलेली असतात आणि त्यांचं टोक आवरणाला आतून भोक पाडतं. माझे निम्मे गोळे तोंडल्यांनी फोडलेत. सुरीनं बारीक करा, काजूचेही तुकडे करा. वांगं असेल तर ते कुस्करून बाजूला पिळून घ्या, त्यात पाणी भरपूर असतं.

मग एक तृतीयांश भात वेगळा काढून तळहाताच्या टाचेनं अक्षरशः मळा, पोळीच्या कणकेसारखा, तेलाचा हात लावून. सगळा मळू नका. सगळा मळलात तर खाताना लापशी लागते, आणि आपल्याला दाताखाली शीत लागायला हवं. हा मळलेला भाग म्हणजे तुमचा गोंद. बटाट्याची भाजी कुस्करून त्यात घाला. बेसन कोरडंच, खमंग वास येईतो भाजून घाला; ते जास्तीचा ओलावा पितं आणि भाजलेलं असल्यामुळे कच्चट लागत नाही. शेवटी उरलेला भात हलक्या हातानं मिसळा.

तांदूळ कुठला होता यावर बरंच अवलंबून आहे. इंद्रायणीचा असेल तर तुम्ही भाग्यवान. 1987 साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं आंबेमोहोरापासून काढलेलं हे वाण आहे आणि चिकटपणा त्याच्या अंगातच आहे. त्याला बेसन एक चमचाच पुरे. साधा आंबेमोहोरही उत्तम. बासमतीचा मसालेभात करणाऱ्यांबद्दल माझं मत मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. तोच हाती असेल तर एक तृतीयांशऐवजी निम्मा भात मळा.

मिश्रण कोमट असतानाच वळा. तळहाताला पाणी लावायचं नाही, तेल लावायचं. भाताची वाटी करा, उकडीच्या मोदकासारखी पण जाड, मधे गोठलेलं चीज ठेवा आणि तोंड बंद करून घट्ट दाबा. लाडू वळतो तसा नुसता गोल फिरवू नका. आधी दाब, मग गोलाई. आत हवा राहिली तर तीही तापून फुगते. चीज कुठूनही डोकावता कामा नये. भाताचा थर चारही बाजूंनी करंगळीच्या जाडीचा हवा. मोठ्ठा गोळा करण्याचा मोह होतो, तो टाळा. मोठा गोळा आतून गरम व्हायला वेळ घेतो आणि तेवढ्यात कवच करपतं.

वळलेले गोळे अर्धा तास फ्रिजमध्ये. हा अर्धा तास कुणाच्याही सांगण्यावरून कमी करू नका, आरती सुरू झाली तरी.

आवरणाला अंडं लागतं असं परदेशी कृतींत असतं. गणपतीच्या दिवसांत तो विषयच नाही आणि त्याची गरजही नाही. मैद्यात पाणी आणि चिमूट मीठ घालून पीठ भिजवा, धिरड्याच्या पिठापेक्षा जरासं पातळ. बोट बुडवून काढलं तर बोटाची रेघ दिसू नये, पण पिठाचे गठ्ठेही लोंबू नयेत. गोळा त्यात बुडवा, निथळा, चुऱ्यात घोळवा आणि हळूच दाबा. एक हात ओल्याला, एक हात कोरड्याला. दोन्ही हात दोन्हीकडे घातलेत तर चुरा बोटांनाच बसतो. मी हे दोनदा करते, पीठ-चुरा, पुन्हा पीठ-चुरा. एकदा चालतं असं म्हणणारे लोक आहेत. त्यांचे गोळे फुटतात.

आणि सगळे घोळवण्याआधी एक गोळा तळून बघा. तो विरघळला तर मिश्रणात आणखी चमचाभर भाजलेलं बेसन घालता येतं. सोळाच्या सोळा चुऱ्यात घोळवून बसलात तर काही करता येत नाही.

तळणं सोपं आहे. लोखंडी कढई, गोळे पूर्ण बुडतील एवढं तेल, 170 ते 180 अंश. थर्मामीटर नसेल तर चुऱ्याचा कण टाका. तो तळाला बसला तर तेल गार आहे, लगेच काळवंडला तर जास्त तापलंय, जरा खाली जाऊन फेसाळत वर आला तर सोडा. एका वेळी चार किंवा पाच. पहिलं अर्धं मिनिट झारा लावू नका, कवच धरू द्या. साडेतीन-चार मिनिटांत गडद सोनेरी झाले की जाळीवर काढा. कागदावर काढलेले खालून वाफेनं मऊ पडतात.

तळण नको असलेल्यांनी आप्पेपात्र घ्यावं. प्रत्येक खळग्यात चमचाभर तेल, मंद आच, तीनदा फिरवायचे. थोडे वेडेवाकडे दिसतात पण कुरकुरीत होतात. एअर फ्रायरमध्ये करायचे तर चुरा आधी तेलात परतून घ्या, नाहीतर तो पांढराफटक राहतो आणि तोंडात वाळूसारखा लागतो.

वाढताना दोन-तीन मिनिटं थांबा. आतलं चीज जीभ भाजतं, आणि प्रसादाच्या ताटलीला सवयीनं पटकन हात घालणारी मुलं पहिला घास हमखास गरम गिळतात. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, बाजूला आटवलेली कटाची आमटी. अर्थात हे माणसांसाठी. नैवेद्याच्या पानात शिळ्या भाताचं काही जाणार नाही.

जास्त झाले तर घोळवलेले गोळे न तळता फ्रीझरमध्ये एकमेकांना न चिकटवता ठेवा आणि दगडासारखे झाल्यावर डब्यात भरा. अनंत चतुर्दशीला मिरवणूक बघून पहाटे घरी आलेल्या मंडळींना तेच तळून देता येतात. तेव्हा मात्र ते फ्रीझरमधून थेट कढईत सोडा, आच एक पायरी खाली ठेवा आणि दोन मिनिटं जास्त द्या. बाहेर काढून वितळवत ठेवलेत तर कवचावर पाणी सुटतं आणि पहाटे चार वाजता कढई पुसत बसावं लागतं.