बुजऱ्या कुत्रीचा तात्पुरता सांभाळ : पहिल्या दिवसापासून

कायमचे घर मिळेपर्यंत एखादी सोडवून आणलेली कुत्री आपल्याकडे सांभाळायला येते, तेव्हा तिला जवळ घेऊन गोंजारावे असे कोणालाही वाटते. परंतु माणसाच्या हातात आजवर फक्त दगड किंवा काठी पाहिलेल्या प्राण्याला सुरुवातीला हवी असते ती आपल्याला कोणी हात लावणार नाही याची खात्री. तिने दिलेला नकार या घरात ऐकला जातो, हे तिला पटले की तिचा धीर वाढू लागतो.

ती येण्याआधीच जागा ठरवावी. वर्दळ नसलेल्या खोलीचा एक कोपरा, तीन बाजूंनी आडोसा, जुनी चादर आणि पाण्याचे भांडे एवढे पुरेसे आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि स्लॅबखालची वरच्या मजल्यावरची खोली रात्रीही निवत नाही, म्हणून शक्यतो तळमजल्यावरची खोली निवडावी. कूलर लागणारच, पण त्याच्या पंख्याची घरघर आणि पंपाचा आवाज रस्त्यावर वाढलेल्या कुत्रीला अनोळखी असतो. तो आधी शेजारच्या खोलीत कमी वेगावर लावावा, ती निर्धास्तपणे खाऊ लागल्यावर दार उघडावे आणि मगच तिच्या खोलीत आणावा.

पशुवैद्याची तपासणी लवकर करून घ्यावी. नागपुरातल्या सेमिनरी हिल्स येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यातही ती होऊ शकते. लसीकरण आणि जंतांचे औषध तर हवेच, पण गोचिडांमुळे होणाऱ्या तापाची शंका विशेष घ्यावी, कारण कोपऱ्यात पडून राहणारी, न खाणारी कुत्री पुष्कळदा भित्री नसून आजारी असते. हिरड्या फिकट दिसल्या किंवा अंग तापलेले वाटले तर वाट पाहू नये. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन यांसारखे माणसांचे औषध आपल्या मनाने कधीही देऊ नये.

आता मुख्य काम, आणि ते बहुतांशी बसून राहण्याचे आहे. तिच्यापासून सात-आठ फुटांवर, तिच्याकडे पाठ किंवा कूस करून जमिनीवर बसावे, डोळ्याला डोळा भिडवू नये आणि उकडलेल्या बिनमिठाच्या चिकनचे लहान तुकडे तिच्या बाजूला अलगद टाकावेत. तुकडा हातातून घ्यायला लावणे हा लोभ दाखवून ओढून आणण्याचा प्रकार होतो. ती पुढे येते खरी, पण मनातून घाबरलेलीच असते. त्याऐवजी काही तुकडे तिच्या मागे टाकावेत, म्हणजे तिला मागे सरकण्याचेही बक्षीस मिळते आणि पुढच्या वेळी ती आपणहून अधिक जवळ येते. ओठ चाटणे, झोप नसताना जांभई देणे, तोंड फिरवणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे आणि शेपूट पोटाशी घेणे या खुणा दिसताच आपण थांबावे. गुरगुरल्याबद्दल तर तिला कधीच रागावू नये, कारण इशारा देणे सोडलेली कुत्री थेट चावते.

आमच्याकडे आलेली एक कुत्री नऊ दिवस दिवाणाखालून केवळ रात्री बाहेर पडत असे. माझी आई संध्याकाळी त्याच खोलीत हलक्या आवाजात पोथी वाचायची आणि तिच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. दहाव्या दिवशी ती आईच्या पायांपासून हातभर अंतरावर येऊन पहुडली. आईने पान उलटले आणि वाचन सुरूच ठेवले, याचे मला आजही मोठे कौतुक वाटते.

स्पर्श तिने मागितल्यावरच करावा. डोक्यावरून हात नेण्याऐवजी छातीवर किंवा खांद्यावर तीन सेकंद खाजवून हात काढून घ्यावा. ती अंग टेकवून आली तर पुन्हा खाजवावे, नाही तर विषय तिथेच संपवावा. हाच नियम घरातील मुलांना आणि पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावा.

बाहेर नेण्याची घाई करू नये. घाबरलेली कुत्री गळ्यातला पट्टा क्षणात मान आक्रसून काढते आणि अनोळखी वस्तीत हरवते, म्हणून अंगाला नीट बसणारा हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) आणि गळ्यातला पट्टा असे दोन्ही, दोन दोऱ्यांना जोडून वापरावेत. पहाटेची शांत गल्ली पुरे. संध्याकाळचा गजबजलेला फुटाळा तलाव तिच्यासाठी फार पुढची गोष्ट आहे. उन्हाळ्यात डांबरावर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला चटका बसला तर तिच्या तळव्यांनाही बसेल.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या महाल-इतवारी भागात मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची गजबजाटी मिरवणूक निघते आणि दिवाळीत फटाके वाजतात, त्या दिवशी तिला आधीच फिरवून आणावे, दारे-खिडक्या लावून पंखा चालू ठेवावा. ती जवळ आली तर तिला अवश्य धीर द्यावा. मायेने भीती वाढते ही समजूत चुकीची आहे.

कायमचे घर मिळाल्यावर तिची न धुतलेली चादर सोबत द्यावी, आणि तिला कशाची भीती वाटते, काय आवडते, कोणत्या हाकेला ती येते, हे एका वहीत लिहून द्यावे. नव्या घरच्यांना पहिला आठवडा पुन्हा कोपऱ्यापासूनच सुरू करायला सांगावे.