तुटलेला पार्ट घेऊन येताय?

भोसरीच्या एमआयडीसीत माझं वर्कशॉप आहे: दोन लेथ (तुकडा फिरवून कापणारी मशीन), एक मिलिंग. जुन्या गाडीवाले तुटका तुकडा रुमालात बांधून आणतात, ‘सेम असाच काढून द्या’ म्हणतात. मी विचारतो, हा बसतो कुठे? इंजिनजवळ की डॅशबोर्डवर? ऑइलशी संबंध येतो का? आणि नग किती?

नगांवरून पद्धत ठरते. दोन-चार असतील तर बारमधून, म्हणजे सळईतून, लेथवर कापून. प्लास्टिकचे दहा-वीस हवे असतील तर सिलिकॉनच्या मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, पीयू (पॉलियुरेथेन) ओतून घ्या. इंजेक्शन मोल्ड किंवा प्रेशर डायकास्टिंगचं (वितळलेला धातू दाबानं साच्यात भरण्याचं) नाव हजारांत गेल्याशिवाय काढू नका. डायचा, म्हणजे साच्याचा, खर्च नगांवर वाटला की काय पडतं, ते कागदावर मांडून बघा.

बुशवर, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीसारख्या तुकड्यावर, मी स्वतः आपटलोय. एक काका प्रीमियर पद्मिनीच्या गिअर लिंकेजचा (गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडणीचा) बुश घेऊन आले. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगपाशी, त्यामुळे मध्ये सांधे बरेच. नायलॉनचा बुश काढून दिला, शाफ्टवर अगदी टाइट मापात. मे महिन्यात काका खूश. जुलैत फोन: गिअर अडकतोय. नायलॉन हवेतला ओलावा पितं आणि फुगतं, मी क्लिअरन्स, म्हणजे मधली फट, ठेवलाच नव्हता! आता अशा जागी डेलरिन हे कडक प्लास्टिक वापरतो. ते पाणी फारच कमी पितं, लेथवर मापातही छान येतं. पण १७५ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून एक्झॉस्टच्या शेजारी नको. तिथे फॉस्फर ब्राँझ.

थ्रीडी प्रिंटवाल्या पोरांना एकच सांगणं: पीएलए (प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक) ६० अंशांजवळ मऊ पडतं, आणि उन्हात काचा लावून उभ्या गाडीचा डॅशबोर्ड तेवढा सहज तापतो. पीएलएचा तुकडा माप बघायला ठेवा, गाडीत एएसए हे उष्णता जास्त सोसणारं प्लास्टिक लावा.

पिनेला ईएन८ हे मध्यम कार्बनचं स्टील. साध्या स्पेसरला (मध्ये अंतर राखणाऱ्या तुकड्याला) ईएन१ए हे मऊ स्टील. कापायला लोण्यासारखं, पण वेल्डिंग करायचं असेल तर घेऊ नका. ब्रॅकेटला सीआर (कोल्ड रोल्ड) स्टीलची शीट, आणि बेंडची आतली त्रिज्या निदान शीटच्या जाडीएवढी, नाहीतर कोपऱ्यात चीर जाते. झिंक प्लेटिंग ८ मायक्रॉन सांगितलं तर थर दोन्ही बाजूंना चढतो, म्हणून भोक व्यासात १६ मायक्रॉननं लहान होतं. फिट बसवायचं भोक असेल तर तेवढं मोठं करूनच पाठवा.

रबराचं उलटसुलट होतं. इंजिन ऑइल, पेट्रोलला नायट्राइल रबर. ब्रेक ऑइलला ईपीडीएम रबर. अदलाबदल झाली की दोन्ही फुगतात. ब्रेक आणि स्टिअरिंगचे पार्ट मात्र मी करत नाही, ते कंपनीचेच घ्या.

आणि येताना नुसता बुश नको, तो ज्यावर फिरतो तो शाफ्टही आणा. झिजलेल्या बुशावरून मूळ माप मिळत नाही.