पुढच्या पेरणीआधी सेंद्रिय शेतीची तत्त्वे शेतात कशी उतरवावीत?

पीक काढून शेत मोकळे झाले आहे आणि पुढच्या पेरणीला अजून दोन-अडीच महिने हाताशी आहेत, हा काळ सेंद्रिय शेतीकडे वळू पाहणाऱ्या शेतकऱ्यासाठी सर्वांत मोलाचा आहे. या पद्धतीत पीक उभे राहिल्यावर करता येण्याजोगे उपाय मोजकेच असतात. जमिनीचे पोषण, तणांचा जोर आणि रोगांची शक्यता यांचा निकाल बराचसा पेरणीआधीच लागतो. रासायनिक खताच्या गोणीऐवजी सेंद्रिय खताची गोणी आणली की शेती सेंद्रिय झाली, हा समज म्हणूनच महागात पडतो.

सेंद्रिय शेती चळवळींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २००५ मध्ये आरोग्य, परिसंस्था, न्याय आणि दक्षता ही चार तत्त्वे स्वीकारली. ऐकायला ती मोठी वाटतात, पण त्यांचा पहिला धडा खताच्या ढिगापाशीच मिळतो.

आरोग्याचे तत्त्व मातीपासून सुरू होते. धसकटे, पेंढा, पालापाचोळा असा कोरडा काडीकचरा आणि शेण, हिरवा पाला असा नत्रयुक्त (नायट्रोजन असलेला) माल यांचे थर देऊन साधारण सव्वा मीटर उंचीचा ढीग आताच रचावा. कर्ब (कार्बन) आणि नत्र यांचे प्रमाण सुरुवातीला २५ ते ३० ला १ असावे. ढिगातला मूठभर माल घट्ट पिळून पाहावा: बोटांमधून एखाद-दुसरा थेंब डोकावला तर ओल योग्य आहे, धार लागली तर जास्त आहे आणि मूठ उघडताच माल विस्कटला तर पाणी शिंपडणे आवश्यक आहे. काही दिवसांत आतले तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि त्या उष्णतेत तणांचे बी व अनेक रोगकारक जंतू मरतात. कडेचा मालही आत जाऊन तापावा यासाठी ढीग दोन-तीन वेळा उलथावा. नाकात झोंबणारा वास आला तर नत्र जास्त झाले आहे, म्हणून कोरडा कचरा मिसळावा. सडका वास आला तर आत हवा खेळत नाही असे समजावे. तयार खताला ओल्या मातीचा वास येतो आणि त्यात मूळ काडी ओळखू येत नाही.

अर्धवट कुजलेला पेंढा पेरणीच्या तोंडावर मातीत गाडणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. तो कुजवणारे जीवाणू मातीतले नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि कोवळे पीक पिवळे पडते. चांगल्या शेणखतातही नत्र जेमतेम अर्धा टक्का असते, म्हणजे हेक्टरी १० टन खतातून सुमारे ५० किलो, आणि त्यातलाही काही भागच पहिल्या हंगामात पिकाच्या वाट्याला येतो. म्हणून नत्राची बाकीची सोय पिकांच्या फेरपालटातून करावी लागते. ओल उपलब्ध असेल तर ताग किंवा धैंचा यांसारखे मातीत गाडण्यासाठीचे हिरवळीचे पीक आता पेरून फुलोऱ्याच्या सुरुवातीला, साधारण ४५ दिवसांनी, गाडावा आणि मुख्य पेरणीपूर्वी तो कुजण्यासाठी दोन-तीन आठवडे सोडावेत. शेंगवर्गीय पीक घेणार असाल तर त्याच पिकासाठीचे रायझोबियम संवर्धक, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतले नत्र बांधणाऱ्या जीवाणूंचे खत, १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम या प्रमाणात चोळावे आणि बी सावलीतच सुकवावे. पुढे महिन्याभराने एखादे रोप अलगद खणून मुळावरची गाठ नखाने फोडून पाहावी. आतून गुलाबी दिसली तर ती नत्र बांधत आहे.

परिसंस्थेचे तत्त्व बांधावर दिसते. सगळा बांध खरवडून स्वच्छ करू नये, कारण मित्रकीटकांना निवारा आणि फुलोरा तिथेच मिळतो. ढालकिड्याची (लेडीबर्ड भुंग्याची) अळी काळपट, लांबट असते आणि प्रौढ किड्यासारखी मुळीच दिसत नाही, त्यामुळे मावा खाणारी ही अळी कीड समजून मारली जाते, याचे फार वाईट वाटते. निंबोळी अर्कही वनस्पतिजन्य आहे म्हणून सरसकट फवारू नये. आधी पाने उलटून मावा आणि मित्रकीटक दोन्ही पाहावेत.

न्यायाचे तत्त्व मजुराच्या रास्त मोबदल्याला आणि ग्राहकाशी खरे बोलण्याला लागू होते. हंगामी पिकांसाठी साधारणतः दोन वर्षांचा आणि बहुवार्षिक पिकांसाठी तीन वर्षांचा रूपांतरण काळ, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रिय शेतीकडे वळण्याचा काळ, धरला जातो. तो पूर्ण होण्याआधी माल सेंद्रिय म्हणून विकू नये. बियाणे, खत, फवारणी अशा प्रत्येक निविष्ठेची तारीखवार नोंद आजपासूनच ठेवावी.

दक्षता म्हणजे बेताने पाऊल टाकणे. सुरुवातीच्या वर्षांत उत्पादन घटू शकते, म्हणून संपूर्ण क्षेत्र एकदम बदलू नये. ज्याच्या कडेला शेजारच्या फवारणीचे तुषार येत नाहीत असा एक तुकडा निवडून त्याची हद्द आखावी, तिथल्या मातीचा नमुना खत घालण्याआधीच तपासणीला द्यावा आणि त्या तुकड्यासाठी फवारणी पंप वेगळा ठेवावा.